परभणीची ज्वारी परभणीच्या ताटात

दरवर्षी 18 मे रोजी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन असतो. 1972 साली याच तारखेला विद्यापीठ सुरू झालं. त्या दिवशी खरिपाचा मेळावा भरतो, बियाणं विक्रीला निघतं आणि जिंतूर-सेलूपासून गंगाखेड-पालमपर्यंतचे शेतकरी पिशव्या घेऊन येतात. झुंबड उडते ती सोयाबीन आणि तुरीच्या बियाण्यासाठी. ज्वारीसाठी तशी उडत नाही.

याच विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेबरोबर 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण काढलं. 2018 साली ते प्रसारित झालं. लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं ज्वारीचं हे देशातलं पहिलं वाण. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे साधारण 30 मिलिग्रॅम लोह आणि 20 मिलिग्रॅम जस्त असतं. यात लोह 42 आणि जस्त 32 मिलिग्रॅमपर्यंत जातं. त्याची गरज किती आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं सांगितलंच आहे. 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायांच्या आणि सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या 68.9 टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं.

वाण निघालं, गरज समोर आहे, पिकवणारी जमीन आहे. मग अडतं कुठं? परभणीत या प्रश्नावर माणसं बोलू लागली की दोन बाजू पडतात आणि दोन्ही बाजूंकडं खरी कारणं असतात. त्या बाजू नीट ऐकू याव्यात म्हणून मी त्यांना काका-पुतणीचं नातं दिलं आहे. काका आधी शेतकरी, पुढं मोंढ्यात आडत घातलेले, तरुणपणी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या सभा ऐकलेले. पुतणी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात शिकली आणि आता गावोगावच्या बायांच्या गटांची ज्वारी, डाळ, करडईचं तेल परभणी शहरात पोचवते. दोघंही मी रचलेले. त्यांचं म्हणणं मात्र मोंढ्यात, एसटीत आणि ओसरीवर नेहमी कानावर पडणारं आहे.

काका : तुझ्या गटाचा माल चोख आहे, हे मी मोंढ्यातही सांगतो. पण एक विचारतो, रागवू नको. शहरात तुमची ज्वारी घेतं कोण? प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतले साहेब. साखर वाढली म्हणून डॉक्टरनं भाकरी खायला सांगितलेली माणसं. शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईच्या घरी जाते का तुमची ज्वारी?

पुतणी : नाही जात, काका. तिच्या घरी रेशनचा गहू आणि तांदूळ जातो.

काका : मग गरिबाच्या नावानं कामून बोलायचं? फुकटचं धान्य घरात असताना ती विकतची ज्वारी आणणार नाही. मीही आणली नसती.

पुतणी : तिला नावं ठेवतच नाही मी. पण फुकटात काय द्यायचं, हे तिनं ठरवलेलं नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो, असं तीन धान्यांचं लिहिलेलं होतं. जानेवारी 2023 पासून सगळंच मोफत झालं. म्हणजे ज्वारी पहिल्या दिवसापासून कायद्यात आहे. कर्नाटकात उत्तरेकडं रेशनवर ज्वारी देतात, दक्षिणेकडं नाचणी. आपल्याकडं ती आली तर काही जिल्ह्यांत, काही महिने. बाकी वर्षभर गहू-तांदूळ. ज्या बाईची आई तिन्ही त्रिकाळ भाकरी खायची, तिच्या पोरांना आज भाकरी थापता येत नाही.

काका : रेशनच्या ज्वारीचं मला सांगू नको. बहात्तरच्या दुष्काळात लाल मिलो आला होता अमेरिकेचा. जनावरांचं खाणं आम्ही खाल्लं. कामावर सुकडी मिळायची, ती पोरं तरी खायची. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नव्हती. त्या पिढीला अजून रेशनची ज्वारी म्हणलं की तो लाल रंग आठवतो. आणि सरकार ज्वारी घेणार म्हणलं की लेव्ही आठवते. माझ्या वडलांनी खळ्यावरून सरकारला ज्वारी घातली आहे, सरकारनं ठरवलेल्या भावानं. बाहेर भाव जास्त, पण विकायची सोय नाही. पेवात लपवली तर गुन्हा. शहराला स्वस्त धान्य मिळावं म्हणून शेतकऱ्यानं तोटा सोसायचा, असं ते होतं. शरद जोशी जे बोलले ते आम्हाला पटलं, कारण आम्ही ते भोगलं होतं. आता तू पुन्हा सरकारलाच गिऱ्हाईक करायला निघालीस.

हा मुद्दा बाजूला सारून पुढं जाता येणार नाही. स्थानिक अन्नाबद्दल बोलणारे बरेच जण, आणि त्यांत माझ्या ओळखीचे चांगले कार्यकर्तेही आले, साठ-सत्तरच्या दशकातली ज्वारीची एकाधिकार खरेदी विसरून बोलतात. मराठवाड्यातला वयस्क शेतकरी ती विसरलेला नाही. स्वस्त अन्नाचा भार एकदा त्याच्या पाठीवर टाकला गेला आहे. म्हणून खाणाऱ्याला न्याय द्यायची कोणतीही योजना आखताना पिकवणाऱ्याला काय मिळणार, हे आधी सांगावं लागेल.

पुतणी : लेव्हीत शेतकऱ्याला नाही म्हणायची मुभा नव्हती, काका. मी सक्तीचं बोलतच नाही. ज्याला द्यायची त्यानं द्यावी, हमीभावानं द्यावी. 2025-26 चा हमीभाव संकरित ज्वारीला 3,699 रुपये आणि मालदांडीला 3,749 रुपये क्विंटल होता. मोंढ्यात जास्त मिळाला तर त्यानं मोंढ्यात विकावी. खाली मात्र कुणीतरी हात धरलेला असावा.

काका : हमीभाव कागदावर असतो. खरेदी केंद्रावर जाऊन बघ. बारदाना नाही म्हणून आठ दिवस थांब, ओलावा जास्त म्हणून माल परत ने, मग चुकाऱ्याची वाट बघ. माझ्याकडं माल आला की संध्याकाळी पट्टी हातात. आणि खरं सांगू का, आडत्याला शिव्या देणारे एक विसरतात. पेरणीच्या तोंडावर खताला पैसे नाहीत, रात्री अकराला बायको दवाखान्यात, पोरीचं लग्न जमलं. शेतकरी कुणाच्या दारात येतो? बँक तेव्हा बंद असते. तुमचा गट देईल का रात्री अकराला वीस हजार?

पुतणी : बचत गटातून थोडं मिळतं. वीस हजार रात्रीत मिळणार नाहीत.

काका : नाही ना? मग माझी जागा घ्यायची भाषा करताना माझं कामही घ्यावं लागेल.

पुतणी : ते काम महत्त्वाचं आहे, मान्य. पण त्या उचलीची किंमत तुम्ही सांगितली नाहीत. उचल घेतली की माल तुमच्याच दुकानी येतो, आणि तोही काढणी झाली की लगेच, भाव पडलेला असताना. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्यावर 6 टक्के व्याजानं कर्ज घ्यायचं आणि सहा महिन्यांत भाव बघून विकायचा. किती शेतकऱ्यांना तुम्ही ती सांगितली?

काका : विचारलं त्यांना सांगितली. पण चार कट्टे घेऊन येणारा गोदामात काय ठेवणार? त्याला त्याच दिवशी मीठ-मिरची घेऊन घरी जायचं असतं.

पुतणी : म्हणून तर चार कट्टेवाल्या वीस जणी एकत्र आल्या पाहिजेत. आमचा गट त्यासाठीच आहे.

काका : गट कर, कंपनी कर. 2003 पासून शेतकरी उत्पादक कंपन्यांचा कायदा आहे. फलक खूप लागले. बऱ्याच कंपन्या आज बियाणं-खत विकतात, म्हणजे कृषी सेवा केंद्रच झालं ते. का, माहीत आहे? माल घेणारं मोठं गिऱ्हाईक नाही. शहरात दहा-वीस किलो घेणाऱ्या घरांवर कंपनी चालत नाही. बरं, गिऱ्हाईक मिळालं असं धरू. पेरणार कोण? सोयाबीन शंभर दिवसांत निघते. मळणीयंत्र आलं की एका दिवसात रान मोकळं, दिवाळीला पैसे, आणि मागं हरभरा. खरिपाची ज्वारी ऐन काढणीत पावसात सापडते आणि कणीस काळं पडतं. रब्बीची ज्वारी राखायची तर पहाटेपासून पाखरं हाकायची, रात्री रानडुकरं. काढायला मजूर मिळत नाही. उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, खळं करायचं. नव्या पोरांना सांगून बघ हे.

पुतणी : हे सगळं खरं आहे. बायाच सांगतात मला, ज्वारी काढताना हाताची सालं निघतात. पण सोयाबीनचंही पुरतं सांगा. 2021 च्या ऑगस्टात भाव दहा हजारांच्या घरात गेला. सरकारनं 12 लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि आपलं पीक बाजारात येईपर्यंत भाव कोसळला. 2024 ला हमीभाव 4,892 होता आणि मोंढ्यात चार-सव्वाचार हजारांनी विकत होते, तुमच्याच दुकानासमोर. त्याच वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी-हिंगोली-नांदेडात इतका पाऊस पडला की उभं पीक पाण्यात गेलं. इंडोनेशियातलं पामतेल, दिल्लीतला आयातकर आणि आभाळ, या तिन्हींवर सेलूच्या शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. यातलं काहीच त्याच्या हातात नाही. आणि एवढं करून तो सोयाबीन खात नाही.

काका : विकून आलेल्या पैशात खातो की.

पुतणी : तेलाचा डबा विकत, डाळ विकत, भाजी विकत, जनावराला कडबा विकत. माझ्या आजीच्या वेळी आपल्या रानात खरिपाच्या ज्वारीत काय काय असायचं, तुम्हीच सांगायचात. तुरीच्या ओळी, मूग, मधून अंबाडी, थोडे कारळे. रब्बीच्या ज्वारीला कडेनं करडई, तिच्या काट्यांमुळं जनावर आत शिरायचं नाही. करडईचं तेल गावच्या घाण्यावर निघायचं. परभणीच्या विद्यापीठानं करडईची चांगली वाणं दिली, परभणी कुसुम त्यातलंच, आणि आपण मात्र परदेशी तेलाची पिशवी फोडतो. तणनाशक आलं तसं तांदुळजा, घोळ, चिवळ, कुरडू बांधावरूनही गेले. त्या भाज्यांना पैसे पडत नव्हते. खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत भाजी घेऊन यायची. आता खुरपणीचा रोजही कमी झाला आणि भाजीही गेली. तिच्या घरचं नुकसान कोणत्याच पट्टीवर लिहिलं जात नाही.

काका : (थोडं थांबून) अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या. आता कुणी करत नाही.

पुतणी : आणि कडबा. सोयाबीनच्या भुसकटावर जनावर जगत नाही. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दावणीची जनावरं गेली, जनावरं गेली तसं शेणखत गेलं. मग जमीन खतावर आली आणि खताची उधारी तुमच्या दुकानावर.

इथं पुतणीचं पारडं जड आहे, असं मला वाटतं. पिकाचा हिशेब आपण क्विंटल गुणिले भाव असा मांडतो. त्यात कडबा, शेण, बांधावरची भाजी, घाण्याचं तेल आणि मजूर बाईची ओटी धरत नाही. मराठवाड्यातल्या घरांचा खर्च वाढत का गेला, याचं उत्तर बरंचसं या न धरलेल्या रकान्यांत आहे. पण हे पटलं तरी काकांचा मूळ प्रश्न उरतोच. शेतकऱ्यानं जुन्या आठवणीखातर ज्वारी पेरावी, असं कुणी सांगू शकत नाही.

याच मराठवाड्यात बायांनी एक वाट काढून दाखवली आहे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं लातूर-धाराशिवकडच्या दुष्काळी गावांत 'एक एकर' पद्धत रुजवली. घरच्या शेतातला एक एकर बाईनं मागून घ्यायचा आणि त्यात घराला लागणारं धान्य, डाळी, भाज्या मिसळून घ्यायच्या. उरलेल्या जमिनीत नवऱ्यानं सोयाबीन घेतली तरी हरकत नाही. दिवंगत प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या या कामाला 2017 साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. या पद्धतीत नगदी पिकाशी भांडण नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घरात खायला काय शिजणार यावर बाईचा शब्द चालावा, एवढीच मागणी त्यात आहे.

दुसरी वाट आणखी दक्षिणेला आहे. परभणीहून परळी, उदगीर, बिदर करत हैदराबादला जाणारी रेल्वे जहीराबादवरून जाते. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या, पी. व्ही. सतीश यांच्या सोबतीनं उभ्या राहिलेल्या दलित बायांच्या संघांनी 1990 च्या दशकात स्वतःची रेशनव्यवस्था चालवली. पडीक राहिलेल्या जमिनी वहितीखाली आणायला शेतकऱ्यांना कर्ज दिलं आणि त्याची फेड पैशात न घेता ज्वारीत घेतली. ती ज्वारी गावातच साठवली आणि गावातल्या सर्वांत गरीब घरांना स्वस्तात दिली. गरीब कोण, हे गावानंच नकाशा मांडून ठरवलं. जमीन तिथली, धान्य तिथलं, कोठी तिथली, खाणारी माणसं तिथलीच.

काका : जहीराबादचं ऐकलं आहे मी. चांगलं काम. पण ती माणसं वेगळी. पी. व्ही. सतीशसारखा माणूस चाळीस वर्षं एका जागी बसला. प्रत्येक तालुक्याला असा माणूस कुठून आणणार? माणसावर चाललेलं काम माणूस गेला की बसतं. मोंढा कुणावाचून बसत नाही.

पुतणी : बरोबर आहे तुमचं. म्हणून मी आता शहरातल्या गिऱ्हाइकांपेक्षा शाळेकडं बघते. शाळा प्रत्येक गावात आहे, अंगणवाडी प्रत्येक गावात आहे, रोज शिजतं आणि रोज खाणारी पोरं आहेत. ती मजुरांची पोरं आहेत, काका. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ना, खुरपणाऱ्या बाईच्या घरी ज्वारी जाते का? तिच्या पोराच्या ताटात जाईल.

काका : शाळेत भाकऱ्या थापणार? दोनशे पोरांच्या?

पुतणी : भाकऱ्या नाही थापता येणार. स्वयंपाक करणाऱ्या बाईला महिन्याला अडीच हजार मानधन मिळतं, तिच्यावर दोनशे भाकऱ्या टाकणं अन्याय आहे. कण्या होतात, ज्वारीची खिचडी होते, घुगऱ्या होतात. आमच्या महाविद्यालयात आणि फूड टेकच्या पोरांनी ज्वारीचे किती पदार्थ करून बघितलेत. वर लिंबू पिळलं, तर त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. आणि कण्या गावच्या गिरणीत भरडून ताज्या देता येतात. तुम्हाला माहीत आहे, ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी तुटते. लांबून पिशवीबंद पीठ आणून हे काम होत नाही. ज्वारीला गावची गिरणीच लागते.

काका : हे मात्र खरं बोललीस. पण ठेकेदार तुला आत येऊ देईल का? पोषण आहाराचा ठेका म्हणजे किती मोठा धंदा आहे.

पुतणी : त्यावर सर्वोच्च न्यायालय दोनदा बोललंय. 2004 साली अन्नाधिकाराच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं, अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत. गावचे गट आणि महिला मंडळं हवीत. 2019 साली महाराष्ट्राच्या निविदांच्या अटी लहान बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या आहेत म्हणून त्या निविदाच रद्द केल्या. कायदा आमच्या बाजूनं आहे. गल्लीत कुणी विचारत नाही, एवढंच.

काका : बरं, हिशेब मांड. मला हिशेबाशिवाय पटत नाही.

पुतणी : उदाहरणाला एक लाख मुलं धरा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य ठरलेलं आहे. आठवड्यातून एकच दिवस ज्वारी द्यायची.

काका : लाख मुलांना 100 ग्रॅम, म्हणजे एका दिवसाला 100 क्विंटल. शाळा चाळीस आठवडे धरली तर 4,000 क्विंटल. कोरडवाहू ज्वारी हेक्टरी दहा क्विंटल धर. 400 हेक्टर. (बोटांवर मोजत) म्हणजे साधारण हजार एकर. एवढंच? मला वाटलं तू अख्ख्या जिल्ह्याची सोयाबीन उपटायला निघालीस. हजार एकर म्हणजे नऊ तालुक्यांत तालुक्याला शंभर-सव्वाशे एकर.

पुतणी : एवढंच, काका. दोन दिवस दिली तर दोन हजार एकर. कुणाची सोयाबीन जात नाही.

काका : आणि पैसा? हमीभावानं 4,000 क्विंटलचे दीड कोटी होतात. दळण आणि गाडीभाडं वेगळं. शाळेला केंद्राकडून फुकट येतो तो तांदूळ. भाजी, डाळ, तेल, मसाला, जळण यासाठी पहिली ते पाचवीच्या मुलामागं दिवसाला 6 रुपये 78 पैसे मिळतात. ज्वारीचे 100 ग्रॅमचे 3 रुपये 70 पैसे त्यातून काढलेस तर वरण पातळ होईल. पोरांच्या वरणातून शेतकऱ्याचा भाव द्यायचा नाही, हे माझं म्हणणं लिहून ठेव.

पुतणी : लिहिलं. ते पैसे वेगळे आले पाहिजेत. जिल्हा नियोजन समितीतून येऊ शकतात, राज्याकडून येऊ शकतात.

काका : आणि चुकारा पंधरा दिवसांत. तो नसेल तर तुझी बाई दुसऱ्या वर्षी माझ्याकडंच येईल, आणि यावंच तिनं. तिसरी गोष्ट, माल तपासायला कुणीतरी पाहिजे. काळी पडलेली ज्वारी पोरांच्या ताटात गेली तर एका दिवसात सगळं बदनाम होईल. मिलोचं झालं तेच होईल. धान्य वाळवणं, चाळणं, किडीपासून जपणं, हे गटाला येत नसेल तर शिकून घ्या. मोंढ्यात हे काम करणारी माणसं आहेत.

पुतणी : मग तुम्ही शिकवा.

काका : मी शिकवीन. पण माझं एक ऐक. ज्वारी द्यायची ती पोरांना आवडली पाहिजे. गरिबाच्या पोरानं काय खावं हे वरून ठरवलं की ते पोर टाकून देतं. पहिल्या महिन्यात किती परत येतं, ते मोजा. जास्त येत असेल तर पदार्थ बदला, आणि पोरांना दोष देऊ नका.

काकांनी इथं ज्या अटी घातल्या, त्या मला या सगळ्या बोलण्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतात. न्याय्य अन्नव्यवस्था उभी करायची तर मोंढ्याला शत्रू ठरवून चालणार नाही. धान्य ओळखणं, साठवणं, वेळेवर पैसे देणं हे ज्ञान मोंढ्यात आहे. तिथं नाही ते खाणाऱ्या मुलाचं आणि खुरपणाऱ्या बाईचं हित. ते गटाकडं आहे. या दोघांना एकत्र आणील असं मोठं, खात्रीचं आणि गावातलंच गिऱ्हाईक म्हणजे शाळा आणि अंगणवाडी.

एक गोष्ट मात्र या हिशेबातूनही सुटते. जमीन नसलेल्या बाईला ज्वारी पिकवून विकता येणार नाही. तिच्या मुलाला ताट मिळेल, पण तिचा रोज वाढणार नाही. जहीराबादच्या बायांनी पडीक जमिनी हाती घेतल्या तशा गायरानाच्या किंवा खंडाच्या जमिनी गटांना मिळाव्यात, भरडणं-चाळणं ही कामं भूमिहीन बायांकडं जावीत आणि शाळेत स्वयंपाक करणारीला अडीच हजारांवर राबवू नये, हे याच मागणीत धरलं पाहिजे. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा, असं शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत पुरुषांना सांगितलं होतं. ते काम अजून निम्म्याहून अधिक घरांत बाकी आहे, असं गावांत फिरताना दिसतं.

रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. त्याआधी 15 ऑगस्टची ग्रामसभा असते. परभणी जिल्ह्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे : यंदाच्या ग्रामसभेत जा आणि एक ठराव मांडा. आमच्या गावच्या शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्यातून एक दिवस गावच्या बायांच्या गटाकडून घेतलेली ज्वारी शिजावी. भाव हमीभावाच्या खाली नको, पैसा मुलांच्या वरण-भाजीतून काढलेला नको आणि चुकारा पंधरा दिवसांत हवा. ठरावाची प्रत जिल्हा परिषदेला आणि जिल्हा नियोजन समितीला पाठवा, पोच घ्या आणि पेरणीआधी उत्तर मागा.